रीडिंग आलंय ते लिही, बाकीचं नंतर बघू

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघातल्या एका पोरानं मला लांबलचक मेसेज टाकलाय. वय २७, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका व्हेंडरकडं क्वालिटी इन्स्पेक्टर आहे, म्हणजे तयार पार्टची मापं तपासतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की काका, रविवारी उपासनेत गाताना डोळ्यात पाणी येतं आणि कामावर गेलं की साहेब सांगेल ते रीडिंग, म्हणजे मापाचा आकडा, रिपोर्टमध्ये लिहितो. खंडेनवमीला मशीनच्या पूजेला उभं राहू का बाहेर जाऊ, प्रसाद घ्यायचा का नाही, बायबल वाचायला टाईम मिळत नाही, मित्रांशी प्रभूबद्दल बोलायला लाज वाटते, मग मी ख्रिस्ती आहे तो नक्की कुठं? रोजच्या जगण्यात विश्वास जगायचा म्हणजे करायचं काय?

त्याला उत्तर लिहायला बसलो ते एवढं झालं. हाच प्रश्न अजून बऱ्याच जणांना असतोय, म्हणून त्याला विचारून सगळ्यांसाठीच लिहितो.

आधीच सांगतो, मी पाळक, म्हणजे पाद्री, नाही. उद्यमनगरात ३४ वर्षं लेथचं शॉप चालवलं, दोन जुन्या लेथ आणि एक मिलिंग एवढ्यावर सुरुवात केली, आता पोरगा बघतोय आणि मी नुसता चहा प्यायला जातो असं तो म्हणतो. मंडळीच्या कमिटीवर दोनदा पंच झालो, शब्बाथ शाळेत, म्हणजे पोरांच्या बायबलच्या वर्गात, बरीच वर्षं पोरं सांभाळली. त्यामुळं माझ्याकडं जे आहे ते शॉपमधलं आहे, सेमिनरीतलं नाही, आणि त्यातलं निम्मं चुकून शिकलेलं आहे.

तर भावा, तू पाच प्रश्न विचारलेस पण तुला टोचतोय तो पहिलाच. पूजा, प्रसाद, वाचन, साक्ष म्हणजे मित्रांशी प्रभूबद्दल बोलणं, हे चारही प्रश्न खरे आहेत, पण मला असं दिसतंय की त्या रीडिंगचं ओझं डोक्यावर आहे म्हणून बाकीचं सगळं जड वाटायला लागलंय. माझंपण असंच झालं होतं म्हणून सांगतो.

१९८७ ची गोष्ट. मी तेव्हा २३ वर्षांचा, दुसऱ्याच्या शॉपमध्ये इन्स्पेक्शनला होतो. ४०० बुशचा लॉट होता, बुश म्हणजे मधे भोक असलेला गोल पार्ट. त्याचा बोअर, म्हणजे आतलं भोक, २५ एमएम, एच-सेव्हन. म्हणजे २५.०२१ च्या वर जायला नको. मी बोअर गेज लावला तर २५.०६ पर्यंत गेलेले जॉब, म्हणजे पार्ट, निघाले, एक नाही दोन नाही, ढीगभर. मालक म्हणाले, लिही पॉइंट झिरो टू, म्हणजे २५.०२, त्यांच्याकडं कोण बघतंय, टेम्पो बाहेर उभा आहे. मी लिहिलं. सहीपण केली, अगदी वळणदार. तीन आठवड्यांनी लॉट परत आला. आता परत आल्यावर कुणाच्या तरी नावावर टाकायला पाहिजे ना, तर ते लेथ चालवणाऱ्या टर्नरच्या नावावर टाकलं, टूल घासलेलं असताना तसंच चालवलं म्हणून, आणि त्याच्या पगारातनं दोन महिने पैसे कापले. जॉब बिघडवले त्यानंच हे खरं, पण ते जायच्या आधी धरले होते मी. मला माहीत होतं. मी त्या माणसासमोर उभा होतो आणि गप्प बसलो. त्याच रविवारी उपासनेत शास्त्रवाचन माझ्याकडं होतं, मी चांगलं खणखणीत वाचलं, लोकांनी नंतर कौतुकपण केलं.

पुढं माझं स्वतःचं शॉप झालं, लग्न झालं, पोरं झाली, तरी प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस घ्यायच्या, दिवशी तो माणूस डोळ्यापुढं यायचाच. मत्तयाच्या ५ व्या अध्यायात येशू सांगतो बघ, वेदीजवळ दान घेऊन आलास आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथंच ठेव आणि आधी जा. हे वचन मी शब्बाथ शाळेत पोरांना शिकवायचो आणि मलाच घशात अडकायचं. शेवटी ११ वर्षांनी त्याचं घर शोधत कसबा बावड्याला गेलो. त्यावेळी कापलेली रक्कम आणि बायबलातल्या जक्कय नावाच्या जकातदारानं फसवलेल्यांना चौपट द्यायचं कबूल केलं होतं म्हणून चौपट, असं पाकीट घेऊन गेलो. सगळं सांगितलं. तो ऐकून घेतला आणि म्हणाला, "मला तवाच ठाव हुतं. तू बोलशील म्हणून दोन दिवस वाट बघितली." मग पाकिटातनं त्यानं फक्त त्याची मूळ रक्कम मोजून घेतली आणि बाकीचे परत दिले, म्हणाला हे तुझ्या देवाचं आणि तुझं, त्यात मला घालू नको. चहा दिला त्याच्या बायकोनं. पुढं रस्त्यात दिसला की मान हलवायचा, तेवढंच. दोस्ती वगैरे काही झाली नाही.

हे सगळं एवढं लांबवून सांगितलं कारण तुला वाटत असणार की खोटं रीडिंग हे कंपनीचं मॅटर आहे, साहेबाचं पाप आहे, आपण नुसतं पेन धरतो. खोट्या रीडिंगच्या शेवटी कुठंतरी एक माणूस उभा असतो, बहुतेक वेळा सगळ्यात कमी पगाराचा. बायबलच्या जुन्या करारात हे किती वेळा आलंय बघ. लेवीय १९ मध्ये खरी तागडी, खरी वजनं असं स्पष्ट लिहिलंय, अनुवाद २५ मध्ये थैलीत लहानमोठी दोन वजनं ठेवू नको म्हणून सांगितलंय, नीतिसूत्रे ११ ची सुरुवातच खोट्या तागडीपासून होते. तेव्हा तागडी होती, आता व्हर्निअर आणि बोअर गेज आहे, एवढाच फरक.

आता करायचं काय ते सांगतो. साहेबाला प्रवचन द्यायला जाऊ नकोस, मी एकदा दिलं होतं, काही उपयोग झाला नाही उलट "ए फादर" म्हणून नाव पडलं. पहिल्यांदा आपलं माप पक्कं कर, गेज मास्टर रिंगवर, म्हणजे पक्क्या मापाच्या रिंगवर, सेट आहे का, कॅलिब्रेशनची तारीख उलटून गेली नाही ना, जॉब गरम असताना मापला नाहीस ना, कारण तुझंच माप चुकलं तर तुझ्या खरेपणाला कोण विचारणार. मग रीडिंग जे येईल ते लिहायचं. आणि साहेबाकडं नुसता नकार घेऊन जायचं नाही, रस्ता घेऊन जायचं. डिस्पॅचच्या आधी कस्टमरकडं डेव्हिएशन, म्हणजे थोडं बाहेर गेलेलं माप चालवून घ्यायची परवानगी, मागता येते, बऱ्याच वेळा तो ती देतोपण, कारण त्यालाही लाईन थांबवायची नसते. लॉट सॉर्ट करता येतो, आठशेतले सहाशे चांगले असतील तर ते आज जाऊ देत. काही जॉबना रिवर्क होतं. हे सगळं तू आधीच कागदावर मांडून नेलंस तर दहातल्या सहासात वेळा साहेब ऐकतो, कारण त्याला खोटं बोलायची हौस नसते रे, त्याला टेम्पो हलवायचा असतो. आणि तरीही म्हणाला की लिही, तर शांतपणे म्हणायचं की सर, मी आलेलं रीडिंग लिहितो, पास करायचं असेल तर खाली तुमची सही घ्या. आवाज न चढवता. बऱ्याच वेळा तिथंच विषय संपतो, कारण स्वतःची सही करायची वेळ आली की माणूस विचार करतो.

एक मात्र आहे, तुझ्या "नाही" ला वजन यायचं असेल तर बाकीच्या दिवशी तू कामात चोख पाहिजेस. रोज वीस मिनिटं उशिरा येणारा, मोबाईलवर रील बघणारा माणूस तत्त्वाची गोष्ट करायला लागला की लोक हसतात, आणि बरोबरच हसतात. कलस्सैकरांच्या पत्रात प्रेषित पौलानं म्हटलंय ना, जे काही करता ते माणसांसाठी नाही तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, ते त्यानं दासांना लिहिलंय, म्हणजे ज्यांना बोनस नाही, इन्क्रिमेंट नाही, सुट्टी नाही अशांना. आणि तो स्वतः राहुट्या शिवून पोट भरायचा, हे विसरू नको, त्याला धंदा म्हणजे काय ते कळत होतं. अजून एक, सहा महिन्यांचा खर्च बँकेत बाजूला असू दे. हे काही फार आध्यात्मिक वाटत नाही पण ज्याच्या डोक्यावर तीन ईएमआय आहेत त्याला खरं बोलणं फार महाग पडतं, हे मी बघितलंय.

मी शब्बाथ शाळेत मोठ्या पोरांना एकच स्तोत्र पाठ करायला लावायचो, १५ वं. पाचच वचनं आहेत. सुरुवातीला विचारलंय की परमेश्वरा, तुझ्या मंडपात कोण राहील, आणि उत्तरात गाणं, उपास, यज्ञ यातलं काहीच नाही. मनापासून खरं बोलणारा, जिभेनं चहाडी न करणारा, शेजाऱ्याचं वाईट न करणारा, स्वतःचं नुकसान झालं तरी दिलेला शब्द न मोडणारा, व्याजावर पैसा न लावणारा, निर्दोष माणसाच्या विरुद्ध लाच न घेणारा. बस. सगळं गल्लीतलं आणि बाजारातलं. मला नेहमी वाटतं की हे स्तोत्र चर्चपेक्षा मार्केट यार्डात लावायला पाहिजे, गुळाच्या सौद्याच्या ठिकाणी.

त्यातल्या "नुकसान झालं तरी शब्द मोडत नाही" यावर माझी परीक्षा झाली ती २०१९ च्या ऑगस्टमध्ये. तुम्हाला महापूर आठवतच असेल, पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५५ च्या वर गेलं, हायवे शिरोलीजवळ बंद, शहरात पाण्याचे पंप बुडालेले म्हणून प्यायला पाणी नाही, दूध नाही, पेट्रोल नाही. माझ्या शॉपमध्ये पाणी आलं नाही पण नऊ माणसांपैकी सहाजण येऊच शकत नव्हते, दोघांची तर घरंच पाण्यात. इकडं मंडळीच्या हॉलमध्ये आम्ही पूरग्रस्तांसाठी जेवण करत होतो, मी स्वतः खिचडीच्या पातेल्यापाशी उभा, फोटोपण निघाले. आणि महिना संपल्यावर पगार काढताना मी सहाजणांचे आठ दिवस कापले. हिशोबानं बरोबरच होतं, काम नाही तर पगार नाही. बायकोनं वही बघितली आणि म्हणाली, "अहो, अनोळखी माणसाला खिचडी वाढली आणि आपल्या पोरांचा पगार कापला?" मी म्हणलं शॉप बंद होतं, मी कुठनं आणू. ती म्हणाली जूनमध्ये अर्जंट ऑर्डर होती तेव्हा तुम्हीच म्हणला होता की रात्री थांबा, तुमच्या अडचणीला मी आहे. म्हणला होता का नाही?

म्हणलो होतो. सहज म्हणलो होतो, पण म्हणलो होतो.

एफडी मोडून पैसे दिले. फार मोठी रक्कम नव्हती, म्हणजे नंतर बघितलं तर नव्हती, त्या दिवशी मोठीच वाटली. याकोबाच्या पत्राच्या ५ व्या अध्यायात आहे की मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते, आणि लेवीय म्हणतं मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नको. हे तुला आत्ता लागू नाही, तू नोकरीला आहेस. पण घरी भांडी घासायला मावशी येत असतील, दुधवाला असेल, पेपरवाला असेल, मित्राकडनं उसने घेतले असतील, तिथनं सुरू कर. आणि जे धंदा करतात त्यांना सांगतो, दशांशाचं, म्हणजे कमाईतल्या दहाव्या हिश्शाचं, पाकीट चर्चमध्ये दर महिन्याला वेळेत टाकायचं आणि छोट्या सप्लायरचं बिल चार चार महिने लटकवायचं, हे मी आपल्याच लोकांत बघितलंय, थोडे दिवस केलंयपण. कायदासुद्धा लहान उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्या म्हणतो. कायद्याच्या मागं राहून विश्वासाच्या गप्पा काय मारायच्या.

आता खंडेनवमी. हा प्रश्न कोल्हापुरात प्रत्येक ख्रिस्ती कामगाराला आणि मालकाला येतोच, आणि यावर आपल्यातच चार मतं आहेत. माझं मत आणि माझी पद्धत सांगतो, तू तुझ्या विवेकाला विचार.

माझ्या शॉपमध्ये एक मी सोडला तर बाकी सगळे हिंदू आणि एक मुसलमान. नवमीला आम्ही मशीन धुऊन पुसून लख्ख करायचो, मी स्वतः चिंध्या घेऊन बसायचो, ते मला आवडतं. मग पोरं झेंडूच्या माळा घालायची, नारळ फोडायची, हळदकुंकू लावायची. मी त्यांना कधी नाही म्हणलं नाही, त्यांची मशीन त्यांची भाकरी आहे. मी स्वतः पूजा करत नव्हतो, आरतीचं ताट हातात घेत नव्हतो, हे त्यांना पहिल्याच वर्षी साध्या शब्दांत सांगितलं होतं, की मी तुमच्या बरोबर उभा राहणार, चप्पल काढून राहणार, पण मी माझी प्रार्थना करणार. त्यांनाही ते पटकन कळलं, खरं सांगू का आपल्या भागातल्या माणसाला हे कळतंय, इथं मोहरमच्या पंजाला हिंदू घरं नवस बोलतात. बोनस आणि मिठाईचा बॉक्स त्या दिवशी माझ्या हातनं जायचा. मंडळीतल्या एकदोघांनी पंच असून मूर्तिपूजेला उभा राहतो म्हणून माझी तक्रारपण केली होती.

तेव्हा मी नामानाची गोष्ट पुन्हा वाचली, २ राजे, ५ वा अध्याय. कोड बरा झालेला अरामी सेनापती, तो अलीशा संदेष्ट्याला म्हणतो की इथनं पुढं मी फक्त परमेश्वरालाच यज्ञ करीन, पण माझा राजा रिम्मोनाच्या देवळात नमन करायला जाताना माझ्या हातावर टेकतो, तेव्हा मलाही वाकावं लागतं, एवढ्याची मला क्षमा व्हावी. आपण असतो तर लगेच कमिटी बसवली असती. अलीशा म्हणतो, शांतीनं जा. एवढंच. यावरनं कसंही वागा असा परवाना मिळतो असं मी म्हणत नाही, नामान स्वतःच त्याला अडचण म्हणतोय, सोय म्हणत नाही. पण नवीन विश्वासणाऱ्या माणसाच्या नोकरीतल्या अडचणीकडं संदेष्टा कसा बघतो ते बघ.

प्रसादाचं म्हणशील तर पौलानं करिंथकरांना जवळजवळ हाच प्रश्न सोडवून दिलाय, पहिलं पत्र, ८ आणि १० वा अध्याय. बाजारात विकतात ते चौकशी न करता खा, कुणी जेवायला बोलावलं तर पानात वाढतील ते खा, पण समोरचा मुद्दाम सांगत असेल की हे नैवेद्याचं आहे तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नको. मी त्या प्रमाणं चालतो. पेढा मिठाई म्हणून दिला तर खातो, प्रसाद म्हणून दिला तर दोन्ही हात जोडून "राहू दे, तुझ्या पोराला ने" म्हणतो, हसून. तोंड वाकडं करायचं नाही, प्रेमानं दिलेली वस्तू आहे ती. माझी बायको घेते, ती म्हणते मूर्ती काहीच नाही असं पौलच म्हणतो, मग साखरेला काय झालं. आमचं यावर ३० वर्षांत एकमत झालं नाही आणि रोमकरांच्या पत्राचा १४ वा अध्याय वाचला तर व्हायलाच पाहिजे असंही नाही, खाणाऱ्यानं न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्यानं खाणाऱ्याला दोष लावू नये. गल्लीतल्या गणपतीच्या वर्गणीचं म्हणशील तर मी त्यांच्या रक्तदान शिबिराला पैसे देतो आणि रक्तपण, पावतीवर काय छापलंय ते बघत बसत नाही.

नाताळला आमच्याकडनं करंज्या, चकल्या, शंकरपाळ्यांची ताटं गल्लीत सगळ्यांकडं जातात, दिवाळीला त्यांची येतात. एक वर्ष आमच्या आईचं निधन झालं होतं म्हणून आम्ही काही केलं नाही तर शेजारच्या काकूंनी नाताळच्या सकाळी डबा भरून पाठवला, म्हणाल्या सणाला घर मोकळं राहू नये.

चहाडीबद्दल थोडं बोलतो, कारण स्तोत्रात ते व्याज आणि लाच यांच्याच रांगेत धरलंय आणि आपण त्याला पापच समजत नाही. आपल्यात चहाडीला एक सभ्य नाव आहे, "प्रार्थनेचा विषय". अमक्याच्या मुलीसाठी प्रार्थना करा हं, काय झालंय माहिती आहे का, आणि मग अर्धा तास. उपासना संपल्यावर गेटपाशी उभं राहून जेवढी माणसं आपण कापतो तेवढी खाटीक आठवड्यात कापत नसेल. पंचांच्या निवडणुकीच्या काळात तर विचारूच नको, मी त्या खुर्चीत बसलोय. माझा एक साधा नियम आहे, ज्याच्यासाठी प्रार्थना करायला सांगायची त्याला आधी विचारायचं की सांगू का. निम्मे विषय तिथंच गळून पडतात.

वाचनाला वेळ नाही म्हणतोस. तुझी शिफ्ट ड्युटी, घरी वडील आजारी, मला माहिती आहे, म्हणून पहाटे चारला उठून तासभर प्रार्थना कर असं मी तुला सांगणार नाही. तसं करणारी माणसं मी बघितलीत, माझी आई त्यातली होती. ती भाकरी थापताना ना. वा. टिळकांची भजनं म्हणायची, उपासना संगीताचं पुस्तक तिला लागायचंच नाही, आणि आम्हाला वाटायचं आई गाणी म्हणतेय, ती प्रार्थना करत होती हे मला फार उशिरा कळलं. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, आणि या माणसानं येशूला अभंगाच्या चालीत आपल्या स्वयंपाकघरात आणून बसवलं, त्यामुळं आपल्या आयांना देवाशी बोलायला वेगळी भाषा शिकावी लागली नाही. तर तुझ्याकडं जे आहे त्यात बसव. कंपनीच्या बसमध्ये शिरोलीपर्यंत जेवढा वेळ मिळतो तेवढ्यात मोबाईलवर एक अध्याय होतो. गेज झिरो करताना एक वाक्य होतं, "प्रभू, माझंपण झिरो कर," मी हेच म्हणायचो, हसू नको. रात्री घरातले सगळे मिळून दहा मिनिटं, एक स्तोत्र, एक गाणं, ज्याला बोलायचं त्यानं बोलायचं. दहाची पंचवीस मिनिटं करायची नाहीत आणि प्रार्थनेतनं पोरांना टोमणे मारायचे नाहीत, "हे प्रभो, अभ्यास न करणाऱ्यांना सद्बुद्धी दे" असलं मी केलंय, माझी मुलगी अजून त्यावरनं मला चिडवते.

रविवारचंही सांगतो, आमच्या शॉपची सुट्टी सोमवारची होती, त्यामुळं रविवारी उपासना करून दुपारी शॉप उघडायचो. काहीजणांना ते खटकायचं. तुझी रविवारी शिफ्ट लागली तर अपराधी वाटून घेऊ नको, बुधवारच्या घरप्रार्थनेला ये, पण महिना महिना एकटा राहू नको, एकट्या माणसाला आपलं रीडिंग नेहमी पॉइंट झिरो टूच दिसतं.

शेवटचा प्रश्न तुझा, बोलायची लाज वाटते. मला वाटतं ती लाज थोडी त्या रिपोर्टमुळं आहे, आणि ती लाज चांगली आहे. आपल्या भागात लोकांनी ख्रिस्ती माणूस पहिल्यांदा बघितला तो कशात ते आठव. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ ला कोल्हापुरात आले आणि शाळेच्या कामाला लागले. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी दवाखाना उभा केला, तिथं आपल्या आज्यापणज्यांचे मोतीबिंदू निघाले, बाळंतपणं झाली, अजून म्हातारी माणसं "मिशनचा दवाखाना" म्हणतात आणि त्या शब्दात विश्वास असतो. ती पुण्याई दुसऱ्यांनी जमवलेली आहे आणि आपण ती दीडशे वर्षं बसून खातोय. तू सांगितलंस मी ख्रिश्चन आहे की समोरचा अजून म्हणतो, "म्हणजे तुम्ही लोक खोटं बोलत नाही ना." अर्थात तो हेपण विचारतो की आडनाव तर आमच्यासारखंच आहे, घरी इंग्लिश बोलता का, आणि नाताळला वाईन असते का. त्याला हसून उत्तर द्यायचं, भाकरी आणि तांबडा रस्सा असतो म्हणायचं.

मी माझ्या कामगारांना शॉपमध्ये कधी धर्म सांगितला नाही, यावरही मला बोलणी बसलीत. पण ज्याचा पगार माझ्या हातात आहे तो मला नाही म्हणू शकत नाही, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याचं हो घेऊन मी काय करू. विचारलं तर सांगितलं, मोकळेपणानं सांगितलं. येशूचा शिष्य पेत्र, त्यानंही तेच लिहिलंय, आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेनं. आमच्या एका फिटरनं १४ वर्षांनी विचारलं, ते पण रात्री दवाखान्यात, त्याची बायको आत होती तेव्हा. काय बोललो ते मला नीट आठवत नाही. पहाटेपर्यंत बाकड्यावर बसलो होतो दोघं.

तर आता उद्याचं. तुझी फर्स्ट शिफ्ट आहे ना? गेल्यागेल्या बोअर गेज मास्टर रिंगवर लाव, पहिले पाच जॉब चेक कर आणि आलेलं लिही. साहेब काय म्हणाला ते मला संध्याकाळी फोन करून सांग, मी साडेसहानंतर घरीच असतो. जुने रिपोर्ट आहेत त्यातले कुठले लॉट अजून कस्टमरकडं पडून आहेत आणि त्यात कुणाच्या नावावर काय टाकलंय, याची एक यादी कर, आपण दोघं बसून बघू कुठं काय दुरुस्त करता येतंय. आणि नोकरी गेलीच तर माझ्या ओळखीत दोन शॉपना इन्स्पेक्टर पाहिजेच आहे. पगार तुझ्यापेक्षा कमी आहे, हे आत्ताच सांगून ठेवतो.